कबुली कोणापुढे

गेल्या गुड फ्रायडेला सकाळी अकराच्या सुमारास मी पांढरी साडी नेसून घराला कुलूप लावत होते, तेव्हा समोरच्या काकू दारातच उभ्या होत्या. ठाण्यात चरईतल्या आमच्या जुन्या इमारतीत दारे समोरासमोर आहेत आणि दुपारपर्यंत ती उघडीच असतात, त्यामुळे कोण कुठे निघाले आहे हे विचारावे लागत नाही. काकू निवृत्त शिक्षिका आहेत. बारा ते तीन अशी तीन तासांची उपासना असते आणि त्या दिवशी आम्ही कोणाला शुभेच्छा देत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "तुमच्यात एक बरं आहे गं. देवापुढे जाऊन कबूल केलं की माणूस मोकळा. आमच्यात केलेलं भोगूनच संपवावं लागतं." त्यात टोमणा नव्हता. उलट थोडासा हेवाच होता, आणि गेल्या वर्षी त्यांच्या घरात जे घडले ते माहीत असल्यामुळे तो हेवा मला समजतही होता. "येते हं काकू," एवढेच म्हणून मी जिना उतरले. चर्चमध्ये पंख्यांची घरघर, वेदीवरचे काळे कापड, फुलांविना रिकाम्या फुलदाण्या, आणि प्रभूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर एकामागून एक होणारी मनने, या सगळ्यांत ते वाक्य माझ्या शेजारी येऊन बसले ते उठले नाही.

कारण दुसऱ्या उद्गाराशी आम्ही पोचलो तेव्हा वाचन होते ते येशूबरोबर खिळलेल्या अपराध्याचे. लूकच्या शुभवर्तमानात दोन अपराधी आहेत. एक येशूची निंदा करतो. दुसरा त्याला दटावतो आणि म्हणतो की आपण भोगतो आहोत ते न्यायाने, आपल्या कृत्यांचे योग्य फळ आपल्याला मिळते आहे. ह्याने मात्र काही अयोग्य केलेले नाही. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, पापाच्या ज्या कबुल्या आहेत त्यांतली ही सर्वांत उशिराची असावी, आणि फार थोडक्यातली. तिला उत्तर मिळते ते त्याच क्षणी: तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील. परंतु त्याचे खिळे निघत नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानात पुढे लिहिले आहे की संध्याकाळपूर्वी शिपायांनी येऊन त्या दोघांचेही पाय मोडले, कबूल करणाऱ्याचेही आणि निंदा करणाऱ्याचेही. लहानपणापासून ऐकलेले हे वाचन त्या दुपारी मला काकूंच्या कानांनी ऐकू आले. ज्याला क्षमा मिळाली तो भोगूनच संपला होता.

मोकळा म्हणजे नेमका कशातून मोकळा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे.

तो मला सारखा कोर्ट नाक्याकडे नेतो. माझे वडील ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. न्यायाधीशांनी सांगायचे आणि बाबांनी ते टिपायचे, मग टंकयंत्रावर उतरवायचे; बोटांच्या टोकांना कार्बनची निळी छटा कायम असायची आणि जेवायला बसताना आई त्यांना हात दोनदा धुवायला लावायची. शाळा सुटल्यावर मी कधीकधी त्यांची वाट पाहत बाहेरच्या बाकावर बसत असे. त्या भागात काही मिनिटांच्या अंतरात सगळे आहे: न्यायालय, जिल्हाधिकारी कार्यालय, आणि पोर्तुगीजांनी १७३० साली बांधायला घेतलेला, १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला किल्ला, ज्याचे इंग्रजांनी पुढे कारागृह केले. त्याच परिसरात १८२५ सालचे सेंट जेम्स चर्च आहे. आरोप, निकाल, शिक्षा आणि क्षमा ह्यांच्या वास्तू ठाण्याने इतक्या जवळजवळ ठेवल्या आहेत, आणि मला वाटते बाबांच्या श्रद्धेला त्या परिसराची पायपीट कायमची चिकटली होती. सोमवार ते शुक्रवार, शिवाय कामाच्या शनिवारी, ते एकच वाक्य टंकित करीत: "मला गुन्हा कबूल नाही." आणि रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून, गुडघे टेकून, सगळ्या मंडळीबरोबर मोठ्याने म्हणत की आम्ही विचाराने, उच्चाराने आणि कृतीने पाप केले आहे.

ह्या दोहोंत बाबांना विसंगती वाटत नव्हती. ते मला समजावून सांगत की न्यायालयात कबुली सहज स्वीकारली जात नाही, आणि ते योग्यच आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातली ही तरतूद २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम राहिली आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे कोणी कबुली द्यायला आलाच, तर त्यांनी आधी त्याला बजावायचे असते की कबुली देण्याचे तुझ्यावर बंधन नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती कोणत्याही आरोपीवर करता येत नाही, असे राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदातच आहे. माणूस मारहाणीने, भीतीने, लोभाने किंवा दुसऱ्याला वाचवण्यासाठीही खोटे कबूल करतो, आणि समोरच्या न्यायाधीशाला खरे काय ते माहीत नसते. म्हणून कायदा आरोपीला त्याच्या स्वतःच्या जिभेपासून वाचवतो. बाबांना ह्या गोष्टीचा अभिमान होता. ते म्हणत, "तिथं न्यायाधीशाला काही माहीत नसतं, म्हणून आरोपीनं गप्प राहायचं. इथं न्यायाधीशाला सगळं माहीत आहे. मग गप्प राहून काय मिळवायचं?"

काय मिळवायचे असते, हे पवित्र शास्त्राच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, फार सूक्ष्मपणे सांगितले आहे. झाडांआड लपलेल्या आदामाला देव हाक मारतो आणि विचारतो, तू कोठे आहेस. सर्वज्ञ देवाने हा प्रश्न विचारावा ह्याचे मला लहानपणी नवल वाटे. आता वाटते की तो प्रश्न माहितीसाठी नव्हताच. आदामाला स्वतःहून बाहेर येण्याची ती संधी होती. आदाम बाहेर येतो खरा, पण वकीलपत्र घेऊनच येतो. तू जी स्त्री मला सोबतीला दिलीस तिने मला फळ दिले, असे तो म्हणतो, म्हणजे एका वाक्यात बायकोवर आणि देवावर दोघांवरही ठपका ठेवतो. स्त्री सापाकडे बोट दाखवते. "मी खाल्ले" हे शब्द दोघांच्याही उत्तरांत आहेत, अगदी शेवटी, बाकी सगळे सांगून झाल्यावर. मानवाच्या पहिल्या कबुलीजबाबातच बचाव कबुलीच्या पुढे उभा राहिला आहे.

इस्राएलाचा पहिला राजा शौल ह्याने तर कबुलीचे शब्द जसेच्या तसे उच्चारले. मी पाप केले आहे, असे तो शमुवेल संदेष्ट्याला म्हणतो. कारण मी लोकांना भ्यालो, असेही जोडतो. आणि शेवटी विनंती करतो की तरीही लोकांच्या वडील मंडळीसमोर माझा मान राख. ह्या शेवटच्या विनंतीपाशी मी प्रत्येक वेळी थांबते, कारण ती मला फार ओळखीची वाटते. आपल्या सर्वांच्या कबुल्यांना ही एक शेपटी असते. पाप मान्य आहे, फक्त चारचौघांत उभे राहण्याची जागा तेवढी जाऊ नये.

दावीद राजाचे प्रकरण ह्याहून कितीतरी काळे आहे आणि तरीही पाप पदरी घेण्याविषयी, म्हणजे ते कबूल करण्याविषयी, ख्रिस्ती माणूस जे काही शिकतो ते बहुतेक त्याच्याकडूनच शिकतो. परस्त्री, तिच्या नवऱ्याला रणांगणात पुढे ठेवून घडवून आणलेला वध, आणि मग महिनोन्महिने काहीच घडले नसल्यासारखा चाललेला दरबार. नाथान संदेष्टा त्याच्याकडे येतो आणि आरोप ठेवत नाही. तो एका गरीब माणसाच्या एकुलत्या मेंढीची हकीकत सांगतो, जी त्याच्या ताटातले खाई, त्याच्या पेल्यातले पिई आणि त्याच्या कुशीत निजे, आणि जी श्रीमंत शेजाऱ्याने पाहुण्यासाठी कापली. दावीद संतापतो. त्या माणसाने चौपट भरपाई दिली पाहिजे, असा निकाल तो देतो. मोशेच्या नियमशास्त्रात चोरून कापलेल्या मेंढीला हाच दंड आहे. नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच आहेस. त्यावर दाविदाच्या तोंडून एकच वाक्य निघते: मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे. सैन्याची अडचण, राज्याची प्रतिष्ठा, त्या स्त्रीचे दृष्टीस पडणे, यांतले काहीही त्यात नाही. नाथानाचे उत्तरही लगेच येते की परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस. आणि त्याच दमात तो सांगतो की तुझे मूल मरेल. क्षमा आणि परिणाम ही दोन वाक्ये इतकी चिकटून आली आहेत की एक वाचून दुसरे टाळता येत नाही.

एक्कावन्नाव्या स्तोत्राच्या शीर्षकात ह्याच प्रसंगाचा उल्लेख आहे, आणि आमच्या मंडळीत राखेच्या बुधवारी, म्हणजे उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, ते स्तोत्र गुडघे टेकून वाचले जाते. त्याच्या चौथ्या वचनाने मला कित्येक वर्षे छळले आहे. तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे, असे दावीद देवाला म्हणतो. मग ज्याचा वध करवला त्या उरीयाचे काय? त्याच्या बायकोचे, बथशेबेचे काय? निष्ठेने लढणारा एक शिपाई स्वतःच्याच मृत्यूचे पत्र हातात घेऊन छावणीत परतला, आणि त्याचे नाव ह्या अप्रतिम प्रार्थनेत एकदाही येऊ नये? ह्या वचनाचे एक स्पष्टीकरण मी प्रवचनांतून पुष्कळदा ऐकले आहे, की सर्व पाप अंतिमतः देवाविरुद्धच असते. ते खरे आहे, पण ते ऐकून माझे समाधान झाले नाही. बाबांच्या बाकावर बसून मला जे सुचले ते वेगळे आहे. दावीद राजा होता, म्हणजे त्या काळचे सर्वोच्च न्यायालय तोच होता. उरीया मेला होता, यवाब सेनापती कटात सामील होता, राजवाड्यातले सेवक गप्प होते. फिर्याद घेऊन जायला दाविदाच्या वर फक्त देव उरला होता. "तुझ्याविरुद्धच" असे म्हणताना तो उरीयाला वगळत नसून, ज्याला आपण कायमचे गप्प केले त्याची बाजू मांडणारा अजून कोणीतरी आहे हे मान्य करतो आहे, असे मला वाटते. तरीही मी हे वचन सहजपणे वाचू शकत नाही, आणि वाचता येऊ नये असेच माझे मत आहे.

इथे आमच्या रविवारच्या पापांगीकाराविषयी, म्हणजे उपासनेतल्या पापाच्या कबुलीविषयीही मनात जे आहे ते लिहिले पाहिजे. उपासनेच्या सुरुवातीलाच आम्ही सगळे मिळून तो म्हणतो. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये घडलेल्या आणि १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात कायम राहिलेल्या सकाळच्या प्रार्थनेत, करायला हवे होते ते केले नाही हे आधी येते, करू नये ते केले हे नंतर. ह्या क्रमात मला मोठे शहाणपण दिसते, कारण न केलेल्या गोष्टींची फिर्याद कोणी कधी दाखल करत नाही. परंतु तो सगळा "आम्ही"चा आहे. शंभर जणांच्या आवाजात माझा आवाज मिसळतो तेव्हा आधार वाटतो, आणि आडोसाही मिळतो. पुढच्या बाकावरच्या बाई हुंदका आवरतात, मागे कोणाचे तरी लेकरू पाण्याची बाटली पाडते, शब्द तोंडातून सवयीने जातात, आणि पाळकसाहेब क्षमेची घोषणा करतात तेव्हा मी नेमके काय कबूल केले हे मलाही सांगता येणार नाही असे पुष्कळदा होते. माझी एक कॅथलिक मैत्रीण आहे, मूळची वसईची. तिच्या मिस्सेतला, म्हणजे कॅथलिक उपासनेतला, पापांगीकार "मी"चा आहे, छातीवर हात मारीत म्हणायचा, आणि तो केवळ देवाला उद्देशून नाही. माझ्या बंधुभगिनींनो, तुमच्यापुढेही मी कबूल करतो, असे त्यात आहे. शिवाय तिला याजकाकडे जाऊन पापाचे नाव घेऊन सांगावे लागते. वर्षातून एकदा तरी हे करावे, असा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन ह्या धर्मपरिषदेने घातला, आणि ऐकलेले कोणत्याही कारणाने उघड न करण्याचे बंधन याजकावर आहे. आम्हा प्रोटेस्टंटांना मध्यस्थ नको असतो हे मी अनेकदा अभिमानाने सांगितलेले ऐकले आहे, पण ज्याच्यापासून आमची प्रोटेस्टंट चळवळ सुरू झाली त्या ल्यूथरने स्वतः व्यक्तिगत पापनिवेदन टाकून दिले नव्हते, हे आम्ही क्वचितच आठवतो. मैत्रीण म्हणते की जाळीपलीकडे कोणीतरी ऐकते आहे हे कळल्यावर वाक्य पूर्ण करावेच लागते. माझ्या एकांतातल्या प्रार्थनेत कितीतरी वाक्ये अर्धवट राहतात, कारण ऐकणाऱ्याला पुढचे माहीत असते.

तरीसुद्धा मी माझ्या परंपरेच्याच बाजूने आहे, आणि त्याचे कारण योहानाच्या पहिल्या पत्रात आहे. आपण आपली पापे पदरी घेतली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून क्षमा करील, असे पहिल्या अध्यायाच्या शेवटी आहे. त्याच्या पुढे दोनच वचनांनी, कोणी पाप केले तर पित्याजवळ आपला कैवारी आहे, येशू ख्रिस्त, असे येते. बाबांनी ह्या दोन वचनांभोवती आपल्या शास्त्रात निळ्या पेन्सिलीने एकच चौकट काढली होती. न्यायालयात आरोपी बोलत नाही कारण त्याचा वकील बोलतो. इथेही वकील आहे. आणि तो आहे म्हणूनच आरोपीला स्वतःची वकिली सोडून देता येते. कबुली अवघड जाते ती पापाच्या लाजेमुळे थोडी, आणि हातातली कागदपत्रे खाली ठेवावी लागतात म्हणून फार. परिस्थिती, दुसऱ्याची चूक, आपला थकवा, त्या काळची रीत, हे सगळे पुरावे आपण वर्षानुवर्षे नीट लावून ठेवलेले असतात. लूकच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यात दोघे मंदिरात प्रार्थनेला येतात; त्यांतल्या परूश्याजवळ, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्याजवळ, अशी कागदपत्रे भरपूर होती, उपवासांची आणि दशमांशांची. जकातदाराजवळ काहीच नव्हते. हे देवा, मज पाप्यावर दया कर, एवढे म्हणून तो घरी गेला, नीतिमान ठरून.

पण ज्यांच्याकडून त्याने जादा जकात घेतली होती त्यांचे काय, हे तो दाखला सांगत नाही. त्यासाठी एकच पान पुढे जावे लागते. एकोणिसाव्या अध्यायात दुसरा जकातदार आहे, जक्कय, आणि तो उभा राहून म्हणतो की कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर ते चौपट परत करतो. दाविदाने दुसऱ्याला फर्मावलेला दंड जक्कय स्वतःला लावून घेतो. देवापुढची कबुली माणसांच्या दारापर्यंत गेली नाही तर ती अर्ध्या वाटेवर थांबते, हे मला कोणत्याही प्रवचनापेक्षा आमच्या घरात अधिक कळले.

मी नववीत असताना बाबांनी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेणे बंद केले. महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळी रांगेने पुढे जाई आणि ते बाकावर बसून राहत. आईला शेजारणींच्या नजरा सोसाव्या लागत. कारण आम्हाला नंतर कळले. आजीच्या आजारपणाचे पैसे नगरच्या थोरल्या काकांनी खाल्ले, असे बाबा नातेवाइकांत बोलले होते, एकदा नव्हे, अनेक घरी. मग आजीच्या ट्रंकेत रुग्णालयाच्या पावत्या सापडल्या आणि हिशेब पैशापैशाने जुळला. ज्यांनी आयुष्यभर इतरांच्या साक्षी टंकित केल्या त्यांनी सख्ख्या भावाविरुद्ध खोटी साक्ष दिली होती. तू आपले दान वेदीजवळ आणत असता भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला आठवले, तर दान तेथेच ठेव आणि आधी भावाशी समेट कर, हे मत्तयातले वचन त्यांनी शब्दशः घेतले. काही महिने ते नुसतेच बसले. मग एका शनिवारी पहाटे खोपटहून माळशेज मार्गे जाणारी एसटी पकडून ते नगरला गेले आणि रविवारी रात्री परतले. काकांनी सगळे ऐकून घेतले, जेवायला वाढले, आणि एवढेच म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगितलंस त्यांना सांग."

त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर टंकयंत्र आले. प्रत्येक नातेवाइकाला स्वतंत्र पत्र, कार्बन प्रत काकांसाठी. मजकूर तीन ओळींचा होता: मी दादाविषयी जे बोललो ते खोटे होते, त्याने आईचा पैसा घेतलेला नाही, मी त्याचा आणि तुमचा अपराधी आहे. पावत्या तेव्हा सापडत नव्हत्या हे तरी लिहा, असे आई पुन्हापुन्हा म्हणत होती. लोकांनी तुम्हाला अगदीच वाईट समजू नये. बाबा म्हणाले, "मग तो खुलासा होईल, कबुली नाही." पत्रे गेली. दोन घरांनी आमच्याकडे येणे सोडले. काकांनी उत्तर पाठवले नाही.

पुढच्या पहिल्या रविवारी बाबा प्रभुभोजनाला उठले, आणि आईला ते पटले नाही. समेट कर असे वचन आहे, आणि समेट कुठे झाला, असा तिचा प्रश्न होता. शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके, सर्वांबरोबर शांतीने राहा, हे प्रेषित पौलाचे शब्द बाबांनी तिला दाखवले. तिने ते वाचले, शास्त्र मिटले आणि त्या महिन्यात ती स्वतःच बाकावर बसून राहिली. मी मनाने बाबांच्या बाजूची आहे. परंतु ह्या सगळ्या हकिकतीत मी वडिलांचे ऐकले आहे, आईचे ऐकले आहे, आणि ज्यांच्याविरुद्ध अपराध घडला त्यांचे काहीच ऐकलेले नाही. काका आता नव्वदीच्या जवळ आले आहेत, कानांनी कमी ऐकतात, पण स्मरण पक्के आहे असे चुलतभाऊ सांगतो. नाताळाच्या सुटीत नगरला जायचे ठरवले आहे. त्या कार्बन प्रती त्यांनी ठेवल्या का, आणि बाबांना त्यांनी क्षमा केली होती का, हे मी त्यांना विचारणार आहे.